काशीच्या घाटावरची कोरियन

मागच्या भागात आपण पैठणहून काशीला आलेल्या भट्ट घराण्याची गोष्ट केली आणि गागाभट्टांपर्यंत येऊन थांबलो. आजही काशीतच राहायचं आहे, पण विषय ऐकून तुम्ही म्हणाल, आज बाईंची गाडी रूळ सोडून चालली. विषय आहे कोरियन भाषा, आणि तीसुद्धा टीव्हीवरच्या मालिका बघून शिकलेली. इतिहासाच्या गप्पांत हे कुठून आलं, ते सांगते.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मी माझ्या भाचीला घेऊन सारनाथला गेले होते. भाची म्हणजे भावाची मुलगी, कॉलेजात शिकते. धमेख स्तूपासमोरच्या हिरवळीवर कोरियन यात्रेकरूंचा एक गट उन्हात बसला होता. बहुतेक साठी-सत्तरीच्या बायका. भाचीचे डोळे चमकले. तीन वर्षं ती रात्र रात्र जागून कोरियन मालिका बघत होती, आणि आता खऱ्या कोरियन आजी समोर! ती सरळ एका आजींच्या शेजारी जाऊन बसली, हातातला बिस्किटांचा पुडा पुढे केला आणि म्हणाली, "पाप मॉगॉस्सॉ?"

आजी तिच्याकडे बघतच राहिल्या. मग इतक्या मोठ्यानं हसल्या, की बाकीच्या बायका वळल्या. त्यांना काय झालं ते कळल्यावर त्याही हसल्या. शेवटी गटातल्या एका तरुण बाईंनी इंग्रजीत समजावलं: तू छान बोललीस, पण आजींशी असं बोलत नाहीत, लहान मुलाशी बोलतात.

म्हणजे झालं होतं असं, की माझ्या भाचीनं ऐंशीच्या घरातल्या परक्या बाईंना विचारलं होतं, "काय गं, जेवलीस का?"

परतताना ऑटोत ती एक शब्द बोलली नाही. आठवडाभर मालिका बंद. मी मात्र त्या आठवड्यात दुसऱ्याच कुणाचा तरी विचार करत होते, माझ्या आजोबांचा.

आजोबा कोकणातून वेदपाठशाळेत शिकायला काशीला आले तेव्हा बारा वर्षांचे होते. घरी मराठी, पाठशाळेत संस्कृत. हिंदी त्यांना कुणी शिकवली नाही. ती ते गंगेपलीकडे, रामनगरला शिकले. रामनगरची रामलीला तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. काशीनरेश उदितनारायण सिंहांच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, ती आजच्या रूपात उभी राहिली. अनंत चतुर्दशीपासून जवळजवळ महिनाभर रोज एक भाग. आज अयोध्या, उद्या जनकपूर, परवा चित्रकूट, आणि ही सगळी ठिकाणं रामनगर गावात वेगवेगळ्या जागी, त्यामुळे प्रेक्षक कथेबरोबर चालत जातात. मायक्रोफोन नाही, विजेचे दिवे नाहीत. रामायणी मंडळी मानसच्या चौपाया गातात, मग "चुप रहो, सावधान" अशी आरोळी होते आणि पात्रं संवाद बोलतात. आणि जुने प्रेक्षक काय करतात? मांडीवर मानसची पोथी उघडून ओळीवर बोट ठेवून बसतात.

मंडळी, ही मालिका झाली की नाही? रोजचा भाग, उद्या काय होणार ही हुरहुर, आणि खाली सबटायटल्स!

आजोबा असे सलग पाच-सहा वर्षं गेले. चौपाया पाठ झाल्या, भाषा कानात बसली. मग एके दिवशी त्यांनी गल्लीत दूधवाल्याशी त्या भाषेत बोलायला सुरुवात केली. आता गंमत बघा. तुलसीदासांची अवधी ही काशीच्या गल्लीतली भाषा नव्हे. काशीत भोजपुरी बोलतात, तिचं इथलं रूप म्हणजे काशिका. आजोबा दुधाचा भाव करत होते तो भरत रामाला बोलतो त्या थाटात. दूधवाल्यानं घागर खाली ठेवली, हात जोडले आणि विचारलं, "पंडितजी, दूध लेबा कि कथा बाँचबा?" दूध घेणार की कथा सांगणार?

हा किस्सा आमच्या घरात सत्तर-ऐंशी वर्षं सांगितला जातोय. भाचीनंही तो शंभरदा ऐकलाय. पण तो तिच्या बाबतीत घडला तेव्हा तिला आठवला नाही, आणि मीही त्या दिवशी मुद्दाम काढला नाही.

आता जरा मागे जाऊ. कोरियन माणूस आणि काशी ही गाठ नवी नाही. सातव्या शतकाच्या अखेरीस इत्सिंग या चिनी भिक्षूनं भारतात आलेल्या भिक्षूंची चरित्रं लिहिली. त्यात सिल्ला राज्यातले, म्हणजे आजच्या कोरियातले, भिक्षूही आहेत, आणि काही जण नालंदेतच वारले. पुढे आठव्या शतकात ह्येचो नावाचा सिल्लाचा तरुण भिक्षू आला, विशीतला. काशीला आला, सारनाथला गेला, आणि तिथे सिंह बसवलेला एक स्तंभ पाहिला. तो इतका जाड, की पाच माणसांनी हात जोडून कवेत घ्यावा असं त्यानं लिहून ठेवलं. इसवी सन 727 मध्ये तो मध्य आशियातल्या कुचा इथे पोचला होता. त्याचं प्रवासवर्णन हरवलं होतं, ते पॉल पेलिओ या फ्रेंच संशोधकाला 1908 साली दुनहुआंगच्या गुहेत सापडलं. आज ते पॅरिसमध्ये आहे. आमच्या अशोकाच्या सिंहांची अशी एक साक्ष कोरियन माणसानं दिलेली आहे, हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मध्ये फार मोठी पोकळी. दक्षिण कोरियात सामान्य माणसाला हौसेखातर परदेशी फिरायची पूर्ण मुभा मिळाली ती 1989 साली. लगेच पाठीवर बोचकी घेतलेली मुलं-मुली निघाली. 1997 मध्ये र्यू शिह्वा या कवीचं भारतप्रवासावरचं पुस्तक तिथे प्रचंड खपलं, आणि ते वाचून काशीला येणाऱ्यांची रीघ लागली. दशाश्वमेधजवळ बंगाली टोला ही जी अरुंद गल्ली आहे, तिथे बंगाली पाट्यांच्या शेजारी कोरियन पाट्या लागल्या. किमची आणि रामेन मिळायला लागलं. ज्या गल्लीत विधवा बंगाली म्हाताऱ्या हविष्यान्न शिजवत, त्याच गल्लीत. काशी पचवते हो सगळं.

आणि भाषा शिकली कुणी? नाववाल्यांनी. मल्लाह मुलं दहा-बारा वर्षांची असल्यापासून घाटावर गिऱ्हाईक शोधत हिंडतात. जपानी आले तेव्हा जपानी शिकली, कोरियन आले तेव्हा कोरियन. वही नाही, पेन्सिल नाही. दोन तास नाव वल्हवताना कानावर जे पडेल ते.

असाच एक नाववाला आमच्या ओळखीचा आहे. सारनाथच्या प्रसंगानंतर पंधरा दिवसांनी मी भाचीला त्याच्याकडे घेऊन गेले. त्याला शाळा चौथीपर्यंत, पण कोरियन प्रवाशांशी गंगेचा सगळा इतिहास बोलतो, थोडा खरा, थोडा पदरचा. त्याच्याकडे एक जाडजूड वही आहे. प्रवासी उतरताना त्यात अभिप्राय लिहितात, आणि तो नव्या गिऱ्हाइकाला ती दाखवतो. बोलता येतं, वाचता मात्र येत नाही.

भाचीला वाचता येतं. कोरियन लिपी तिनं दोन दुपारी गच्चीवर बसून शिकली होती. यात तिची हुशारी थोडी आणि राजा सेजोंगची जास्त. सेजोंगनं ही लिपी 1446 मध्ये जाहीर केली, ती मुळी सामान्य माणसाला लिहिता-वाचता यावं म्हणून. तेव्हाच्या विद्वानांनी लिहून ठेवलंय, की शहाण्याला ती सकाळ संपायच्या आत येते आणि मंदबुद्धीच्या माणसालाही दहा दिवसांत. अक्षरांचे आकार उच्चाराच्या जागेवरून घेतलेत. क-ग साठीचं चिन्ह म्हणजे टाळूकडे वळलेली जीभ, न म्हणजे दातांमागे टेकलेलं जिभेचं टोक, म म्हणजे तोंडाचा चौकोन. आणि वर्णांचे गट पाडलेत तेही कंठ, जीभ, ओठ, दात असे उच्चारस्थानानुसार. ओळखीचं वाटतं ना? चीनमार्गे पूर्वेकडे गेलेल्या ध्वनिशास्त्रावर बौद्ध पंडितांच्या संस्कृत अभ्यासाचा ठसा होता, आणि सेजोंगच्या मंडळींनी ते शास्त्र मुळापासून वाचलं होतं. क-वर्ग, च-वर्ग म्हणत मोठ्या झालेल्या मुलीला ही लिपी परकी वाटेलच कशी?

तर भाची नावेत बसून वही वाचायला लागली. पहिलं पान, नाववाला प्रामाणिक आहे, सूर्योदयाला जा. दुसरं पान, गाणं छान म्हणतो. तिसऱ्या पानावर ती थबकली आणि मग खुदकन हसली. तिथे लिहिलं होतं: नाव उत्तम, माणूस चांगला, पण नंतर जिथे नेईल त्या रेशमाच्या दुकानात अजिबात जाऊ नका.

नाववाल्यानं कपाळावर हात मारला. "बीस साल से यही पन्ना सबको दिखा रहा हूँ!"

मग त्यानं तिला बोलायला सांगितलं. ती बोलली. तो ऐकत होता, वल्हं थांबवून. आणि म्हणाला, "बिटिया, पीछे 'यो' लगाओ. 'यो' लगा दोगी तो कोई बुरा नहीं मानेगा."

मॉगॉस्सॉ, जेवलीस का. मॉगॉस्सॉयो, जेवलात का. एका 'यो'चा फरक.

आता इथे माझा आजचा मुद्दा आहे. भाचीनं तीन वर्षांत शेकडो तास कोरियन ऐकली होती. नाववाल्याकडे व्याकरण नव्हतं, लिपी नव्हती. तरी चूक तिची झाली आणि दुरुस्ती त्यानं केली. कारण कान ज्या नात्यातून भाषा ऐकतो, त्या नात्याचीच भाषा शिकतो. नाववाल्याचं नातं गिऱ्हाइकाशी होतं, त्यामुळे त्याच्या तोंडी पहिल्यापासून आदरार्थी रूप बसलं. भाचीच्या मालिकांत वीस-पंचवीस वर्षांची मुलं-मुली प्रेमात पडत होती, भांडत होती, पावसात एका छत्रीखाली उभी राहत होती. त्यांची भाषा अरे-तुरेचीच असणार. आजोबांनीही राजपुत्रांची भाषा ऐकली आणि ती दूधवाल्याला लावली. मालिका शिकवते पुष्कळ, पण हे वाक्य कुणाच्या तोंडचं आहे ते आपलं आपण बघावं लागतं.

आपण मराठी माणसं हे बघू शकतो, हीच तर गंमत. कोरियन मालिकेत एक प्रसंग नेहमी येतो. दोघं बरेच दिवस एकमेकांना मानानं बोलत असतात, आणि मग एक जण विचारतो, आता आपण साधं बोलायचं का? इंग्रजी सबटायटलमध्ये ते काहीतरी गुळमुळीत होतं, कारण इंग्रजीत 'यू'ला 'यू'च. पण अहो-जाहोवरून अरे-तुरेवर येताना काय होतं, ते आपल्याला सांगावं लागत नाही. आमच्या आईनं वडिलांना जन्मात एकदाही 'अरे' म्हटलं नाही. गंमत म्हणजे कोरियन हॉटेलात वाढप्याला बोलवायचं तर 'जॉगियो' म्हणतात. शब्दशः 'तिथे', पण काम आपल्या 'अहो!'चं.

टीव्हीचा इतिहास थोडक्यात सांगते, कारण तारखा महत्त्वाच्या आहेत. दूरदर्शननं 2006 सालीच कोरियन मालिका दाखवल्या होत्या, राजवाड्यातल्या स्वयंपाकिणीची 'दे जांग गम' त्यांत होती. पण त्या हिंदीत डब केलेल्या, त्यामुळे कोरियन शब्द कानावर पडायचा प्रश्नच नव्हता. मणिपुरात वेगळं घडलं. तिथे 2000 साली एका बंडखोर संघटनेनं हिंदी सिनेमांवर बंदी घातली आणि लोक केबलवर आरिरांग ही कोरियन वाहिनी बघायला लागले, मूळ आवाजात, खाली इंग्रजी. तिथल्या पोरांच्या तोंडी कोरियन शब्द बसले ते तेव्हापासून. जपानात 'विंटर सोनाटा' 2003 मध्ये आली ती जपानी आवाजात, पण लोकांना मूळ आवाज हवा होता, म्हणून 2004 च्या अखेरीस ती सबटायटल्ससह पुन्हा दाखवावी लागली. म्हणजे डबिंगनं प्रेक्षक मिळतो, विद्यार्थी मात्र सबटायटलनंच मिळतो. आपल्याकडे नेटफ्लिक्स 2016 मध्ये आलं, 2020 ला टाळेबंदी झाली, आणि घरोघरी हे सुरू झालं. त्याच वर्षीच्या नव्या शैक्षणिक धोरणात शाळेत शिकायच्या परदेशी भाषांमध्ये कोरियनचं नाव आलं. 2021 च्या सप्टेंबरात ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशानं एकदम सव्वीस कोरियन शब्द घेतले, त्यांत ओप्पा, नूना आणि उन्नी ही नात्याची नावं होती. पुण्याकडे लोक नोकरीसाठी कोरियन शिकतात, रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, ते समजण्यासारखं आहे. आमच्या भाचीला नोकरीबिकरी काही नको होती. तिला फक्त ते लोक काय बोलतात ते हवं होतं.

आणि काय काय मिळालं तिला! पाप म्हणजे भात. उच्चार आपल्या पाप आणि बाप यांच्या मधला कुठेतरी. भात म्हणजेच जेवण, आणि जेवलात का म्हणजेच कसे आहात. कोकणातून आलेल्या आमच्या घराला हे समजवावं लागलं नाही. 'उरी' म्हणजे आमचा. कोरियन माणूस माझी आई म्हणत नाही, आमची आई म्हणतो, एकुलता एक असला तरी. आपणही म्हणतोच की.

एक दिवस ती मला म्हणाली, आत्या, 'कुक' म्हणजे सूप, 'मुल' म्हणजे पाणी, मग दोन्ही मिळून 'कुंगमुल' का होतं? मी हसले. म्हटलं, अगं वाक् अधिक मय काय होतं? वाङ्मय. जगत् अधिक नाथ? जगन्नाथ. पुढे अनुनासिक आलं की मागचं कठोर व्यंजन आपल्या वर्गातलं अनुनासिक होतं. कोरियन लोकांनी पाणिनीला विचारलं नव्हतं, तोंडाची ठेवणच तशी आहे. होमर हल्बर्ट नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी 1905 च्या सुमारास कोरियन आणि द्राविडी भाषांच्या व्याकरणाची तुलना करणारं अख्खं पुस्तक लिहिलं होतं. आज तो संबंध भाषाशास्त्रज्ञ मानत नाहीत, आणि मीही मानत नाही. पण क्रियापद शेवटी, विभक्तीचे प्रत्यय शब्दामागे, हे जमतं खरं, त्यामुळे मराठी डोक्याला वाक्य उलटं करावं लागत नाही.

संस्कृतातून बौद्ध धर्माबरोबर गेलेले शब्द मात्र खरेच आहेत, आणि ते मालिकेत रोज ऐकू येतात. क्षण तिथे 'छाल्ला' झाला. नरक 'नाराक'. एखाद्या घरात गोंधळ माजला, भांडी फेकाफेक झाली, की 'आसुराजांग', असुरांचं रणांगण. आणि गुंडांच्या मालिकांत जो 'कॉन्दाल' येतो, काही कामधंदा न करता टोळी घेऊन हिंडणारा, तो कोण माहितीये? गंधर्व! स्वर्गातला गाणारा गंधर्व चीनमार्गे तिकडे पोचता पोचता आधी रिकामटेकडा झाला आणि मग गुंड. बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला हे सांगताना मला जरा भीतीच वाटते.

काशीतल्या मराठी माणसांनी भाषेसाठी काय केलं हे विचारलं, की आपण अभिमानानं बाबूराव विष्णू पराडकरांचं नाव घेतो. 1883 चा त्यांचा जन्म काशीतलाच, घर मराठी, आणि 'आज' या हिंदी दैनिकाचे संपादक. मुद्रास्फीति, राष्ट्रपति असे शब्द हिंदीत रुळवण्याचं श्रेय त्यांना देतात. ते लेखणीचं काम, मोठंच. पण लेखणीतून आलेल्या शब्दांचा इतिहास लिहिला जातो, कानातून आलेल्या शब्दांचा नाही. नाववाल्याच्या त्या वहीला कुणी दस्तऐवज म्हणणार नाही.

आमच्या घराचं सांगते. आमचं घर दुर्गाघाटावर. माझी आई आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. तिची मराठी शुद्ध, थोडी जुनी, स्वयंपाकघरातली आणि देवघरातली. माझी मराठी तिच्याहून पातळ. आणि भाचीची? तिला समजतं सगळं, उत्तर हिंदीत देते. आजीनं मराठीत विचारायचं, नातीनं हिंदीत सांगायचं, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. मी एकदा रागावलेही होते, समुद्रापलीकडची भाषा शिकतेस आणि घरातली नाही. ती म्हणाली, आत्या, मराठी में मेरे साथ कोई झगड़ा तो करे! मला तेव्हा ते उद्धट वाटलं. पण नाववाल्याचं बोलणं ऐकल्यावर पटलं. तिच्या वाट्याला मराठी आली ती फक्त 'हात धू', 'नमस्कार कर', 'जेवायला ये' एवढीच. मोठ्यांनी लहानांना सांगायची. त्या भाषेत तिनं उलट बोलावं असं कुणाला वाटलंच नव्हतं.

मागच्या वर्षी ती 'रिप्लाय 1988' बघत होती. सोलमधल्या एका गल्लीतली पाच घरं, सगळ्यांची दारं उघडी. पहिल्याच भागात एका घरातून भाजीची वाटी दुसऱ्या घरी जाते, तिथून काहीतरी घेऊन तिसऱ्या घरी, आणि पोरं बिचारी वाट्या पोचवून दमतात. बायका एकमेकींना नावानं हाक मारत नाहीत, अमक्याची आई, तमक्याची आई. आई शेजारी जपमाळ घेऊन बसली होती. तिला ना कोरियन येत, ना खालचं इंग्रजी. पण ती वाट्यांची ये-जा बघून म्हणाली, "रिकामी वाटी परत करत नाहीत, हे त्यांना माहीत आहे."

तिथून ती रोज संध्याकाळी बसायला लागली. आणि मग नात्यांचे शब्द सुरू झाले. इंग्रजी सबटायटलला सगळ्या बायका 'सिस्टर-इन-लॉ'. भाची वैतागायची, कारण कोरियन शब्द दर वेळी वेगळा ऐकू यायचा. इमो? आईची बहीण, म्हणजे मावशी. आणि खाणावळीतल्या वाढणाऱ्या बाईलाही इमोच म्हणतात, जशी आपल्याकडे भाजीवाली मावशी. कोमो? वडलांची बहीण, आत्या, म्हणजे मी. शीनुई? आई म्हणाली, नवऱ्याची बहीण का? मग नणंद. भाची म्हणजे 'चोखा', हे कळल्यावर तर घरभर हसू. काशीत बाटीबरोबर खातात तो चोखा! शिवाय कोरियनमध्ये भाची आणि पुतणी दोन्ही चोखाच. आईनं मान हलवली, "मग त्यांच्यात कळतं कसं कोणाची कोण?"

एका संध्याकाळी दुसरी कुठलीतरी घरगुती मालिका चालू होती. स्वयंपाकघरात दोन सुना, एक मोठी, एक धाकटी. मोठी धाकटीला हाक मारते, 'तोंगसॉ'. भाचीनं थांबवलं आणि पहिल्यांदाच आजीकडे वळून मराठीत विचारलं, "आजी, दोन भावांच्या बायका एकमेकींच्या कोण?"

"जावा," आई म्हणाली. "एक असली की जाऊ."

"आणि दोन बहिणींचे नवरे?"

"साडू."

"यांच्यात दोघांनाही तोंगसॉ."

आईला ते काही पटलं नाही. जाऊ ती जाऊ, साडू तो साडू, दोन्ही एका पिशवीत कसे घालणार? मग ती पडद्याकडे बघत म्हणाली, माझी मोठी जाऊ अशीच उभी राहायची, कमरेवर हात ठेवून. आणि माझ्या काकूबद्दल, जी मी जेमतेम पाहिली, तिच्याबद्दल आई बोलायला लागली. पंचगंगेवर धुणं धुताना दोघींचं झालेलं भांडण, कोण काय बोललं, कुणी कुणाला काय उत्तर दिलं, शब्द न् शब्द. अस्सल मराठी भांडण. मी ते याआधी कधी ऐकलं नव्हतं. भाचीनं मालिका थांबवूनच ठेवली होती. मध्येच ती म्हणाली, "आजी, थांब. 'तोंड वर करून बोलतेस' म्हणजे? परत सांग."

आईनं परत सांगितलं, जावेच्या आवाजात.